नवा गडी, नवं राज्य

मंडळी, जून ते सप्टेंबर आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच विषय चालतात. एक कॅप राउंड आणि दुसरा ट्रान्स्फर विंडो! मेसच्या एका टेबलावर 'यंदा मेकॅनिकलचा कटऑफ कुठे थांबला?' आणि शेजारच्या टेबलावर 'आपल्या क्लबने लेफ्ट बॅक घेतला की नाही?' दोन्हीकडे याद्या लागतात, दोन्हीकडे अफवा उठतात आणि दोन्हीकडे शेवटच्या दिवशी एखादा कागद कमी पडला म्हणून पळापळ होते. फुटबॉलपटू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जातो तेव्हा जुन्या देशाच्या फेडरेशनकडून 'इंटरनॅशनल ट्रान्स्फर सर्टिफिकेट' यावं लागतं. ते आल्याशिवाय नव्या क्लबकडे त्याची नोंदणी होत नाही. म्हणजे आपली टीसीच की! मेस्सी असो नाहीतर मनोरचा मुलगा, टीसीशिवाय ॲडमिशन नाही.

खेळाडूने नवी जर्सी हातात धरून फोटो काढला, पोराने ॲडमिशनची पावती घेतली, की आपला इंटरेस्ट संपतो. पण खरी गोष्ट सुरू होते दुसऱ्या दिवशी सकाळी. तो माणूस कुठे बसतो? कुणाबरोबर जेवतो? त्याच्याकडून नक्की काय हवंय, हे त्याला कोण सांगतं? त्याचं पुढे काय होणार हे बरंचसं यावर ठरतं, असं माझं मत झालंय. ते का झालं, तेच इथे लिहितोय. (माझं शाळेचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

सुरुवात निकोलस ॲनेल्कापासून करू. १९९९ साली रेआल माद्रिदने त्याला आर्सेनलकडून विकत घेतलं. किंमत सुमारे सव्वादोन कोटी पौंड. त्या पैशांतून आर्सेनलने थिएरी ऑन्री आणला आणि नव्या ट्रेनिंग ग्राउंडलाही हातभार लागला, यावरून रक्कम केवढी होती ते समजा. ॲनेल्का तेव्हा वीस वर्षांचा होता. आज मी आहे तेवढाच. आणि एवढे पैसे मोजून आणलेल्या या मुलासाठी ड्रेसिंग रूममध्ये लॉकर ठेवलेला नव्हता! जिथे बसायला जावं तिथे कुणीतरी 'ही माझी जागा' म्हणायचं, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. पुढे पुढे तो सगळ्यांपासून तुटत गेला. मार्च २००० मध्ये त्याने सरावाला यायलाच नकार दिला आणि क्लबने त्याला ४५ दिवसांसाठी सस्पेंड केलं. गंमत बघा, परत आल्यावर याच मुलाने चॅम्पियन्स लीगच्या सेमी फायनलमध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल मारले आणि त्या वर्षीचा कप माद्रिदने उचलला. म्हणजे पायात काही कमी नव्हतं. तरी मोसम संपताच तो पॅरिसला निघून गेला. त्याचा स्वभावही सरळ नव्हता, हे कबूल. पण सव्वादोन कोटी पौंडांची वस्तू आणून तिला ठेवायला कपाट द्यायचं राहून जावं, याला काय म्हणायचं?

मोठ्या क्लबांना हे हळूहळू उमगलं. इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांत आता 'प्लेअर केअर' नावाचं वेगळं खातंच असतं. विमानतळावर घ्यायला जायचं, घर बघून द्यायचं, बँकेचं खातं, फोनचं सिम, मुलांची शाळा, बायकोला चार ओळखीची माणसं, भाषेचा क्लास, ही त्यांची कामं. ऐकायला किरकोळ वाटतात. पण विचार करा, ज्याला रात्री झोपायला नीट घर नाही आणि ज्याच्या घरातलं माणूस परक्या गावात एकटं बसून आहे, त्याचं लक्ष नव्वद मिनिटं बॉलवर राहील का?

दुसरं काम मैदानाजवळचं. मोसमाआधी प्री-सीझन कॅम्प असतो. फिटनेस हा त्याचा एक भाग झाला, पण सगळे एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हाही तितकाच महत्त्वाचा भाग. कोच नव्या खेळाडूला व्हिडिओ दाखवून सांगतो की बॉल आपल्याकडे असताना तू इथे, समोरच्याकडे असताना तिथे. शक्यतो त्याची भाषा बोलणारा एखादा जुना खेळाडू त्याच्या जोडीला देतात. पण तेच दोघे सारखे एकत्र राहिले तर वेगळा कंपू पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलावर जागा बदलायला लावणारेही कोच आहेत. दुभाष्याला कमी समजू नका. जोसे मोरिन्यो बार्सिलोनाला १९९६ मध्ये गेला तो बॉबी रॉबसन यांचा दुभाषी म्हणूनच. कोचचं म्हणणं खेळाडूंपर्यंत पोचवता पोचवता तो स्वतः जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या कोचपैकी एक झाला.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. वेळ देणे. लिव्हरपूलने मे २०१८ मध्ये मोनाकोकडून फाबिन्यो घेतला, सुमारे चार कोटी पौंडांना. ऑक्टोबर उजाडला तरी प्रीमियर लीगच्या एकाही सामन्यात तो सुरुवातीच्या अकरात नव्हता. लोक म्हणायला लागले, पैसे बुडाले! कोच युर्गन क्लॉप मात्र त्याला आपली पद्धत शिकवत बसले होते. पुढच्या जूनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला तो पहिल्या अकरात होता आणि कप लिव्हरपूलचा झाला. त्याआधी २०१७ मध्ये आलेल्या अँडी रॉबर्टसनचंही तेच. डिसेंबरमध्ये जुना लेफ्ट बॅक जखमी झाला तेव्हा कुठे त्याला कायमची जागा मिळाली. तोपर्यंत तो तयार झाला होता. याउलट मोहम्मद सलाह. जानेवारी २०१४ मध्ये चेल्सीने त्याला आणलं, मोजक्या सामन्यांत खेळवलं, मग इटलीला उसना देऊन टाकला. तोच सलाह २०१७ मध्ये लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच लीगमध्ये त्याने ३२ गोल केले. ३८ सामन्यांच्या प्रीमियर लीगमधला तो तेव्हाचा विक्रम होता.

'हे सगळं युरोपात ठीक, आपल्याकडे काय?' असं तुम्ही विचाराल. तर आपल्या मुंबईत ही गोष्ट प्लेअर केअर वगैरे नावं येण्याच्या कितीतरी आधी होत होती. कूपरेजवर एकेकाळी ऑफिसांच्या टीम खेळायच्या. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, महिंद्र. केरळचा, गोव्याचा, हैदराबादचा खेळाडू मुंबईला यायचा तो नोकरीवर. सकाळी सराव, नंतर ऑफिस. पगार फार नसेल, पण त्याला बसायला एक टेबल होतं, शेजारच्या टेबलावर डबा उघडणारा माणूस होता, आणि गुडघा गेला तरी नोकरी होती. पुढे फुटबॉल प्रोफेशनल झाला आणि या टीम एकेक करून मागे पडल्या. २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंदच झाला.

बोईसरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. त्यासाठी देशभरातून आलेल्यांना कॉलनीत क्वार्टर मिळालं, मुलांना शाळा मिळाली, संध्याकाळी खेळायला ग्राउंड मिळालं. तमिळ, बंगाली, मराठी पोरं एकाच ग्राउंडवर भांडून मोठी झाली. आणि त्याच बोईसरला एमआयडीसीत कंत्राटावर येणाऱ्याला स्टेशनवर घ्यायला कुणी येत नाही. तो खिशातल्या नंबरवर गाववाल्याला फोन लावतो, त्याच्या खोलीत चौघांत पाचवा म्हणून पथारी टाकतो. कंपनी कुठे, गेट पास कुठे, उधारीवर किराणा कुठे मिळतो, हे सगळं गाववालाच सांगतो. आमच्याकडचं प्लेअर केअर म्हणजे हा गाववाला!

परत ॲनेल्काकडे येऊ, कारण नशिबाने त्याला आपल्याकडेच आणलं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पस्तीस वर्षांचा ॲनेल्का मुंबई सिटीकडून खेळायला आला. स्वीडनचा फ्रेडी ल्युंगबर्गही त्याच टीममध्ये होता. एवढी नावं असून मुंबई आठ संघांत सातवी आली. दोष कुणाला देणार? ती लीग १२ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपलीसुद्धा. अख्खी स्पर्धा दहा आठवड्यांची! एकमेकांची नावं पाठ होईपर्यंत निरोप समारंभ.

सहा वर्षांनी त्याच क्लबचं चित्र उलटं झालं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीचे कोच झाले. त्याआधी ते एफसी गोवाला होते. येताना त्यांची पद्धत माहीत असलेले चार खेळाडू गोव्याहून मुंबईला आले. मोरोक्कोचा अहमद जाहू, सेनेगलचा मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस आणि आपला मंदार राव देसाई. याशिवाय ले फाँद्रे, ओगबेचे, हर्नान सँताना असे बाकीचे नवे. म्हणजे जवळपास अख्खी टीम अनोळखी. त्यात कोविडचं वर्ष. लीगचे सगळे सामने गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीनच मैदानांवर, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर. मंदारची तर मजाच झाली. गोवा सोडून मुंबईच्या टीममध्ये गेला आणि अख्खा मोसम गोव्यातच खेळला!

खेळाडूंना हॉटेलाबाहेर जायची बंदी होती. सराव, सामना आणि परत हॉटेल. तेच चेहरे, तेच जेवण, कुठे पळून जायची सोय नाही. ओळखीचं वाटतंय ना? वॉचमन काका तेवढे कमी होते, बाकी ते हॉस्टेलच! पहिलाच सामना नॉर्थईस्टविरुद्ध ०-१ असा गेला आणि नव्या जाहूला त्यात रेड कार्ड मिळालं. आपण असतो तर 'हाच का तो?' म्हणून मोकळे झालो असतो. लोबेरांनी सस्पेन्शन संपल्यावर त्याला परत मिडफिल्डला उभं केलं आणि अख्ख्या मोसमाचा खेळ त्याच्याभोवती रचला. गोव्याहून आलेल्या चौघांना कोचच्या मनातलं आधीच माहीत होतं, त्यामुळे मैदानावर बाकीच्यांना समजावून सांगायला कोचची आरोळी लागत नव्हती. लीगच्या शेवटी मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण झाले, आणि आपसातल्या सामन्यांच्या जोरावर शील्ड मुंबईची झाली. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला फायनल होती, पुन्हा मोहन बागानशीच. १-१ असताना नव्वदाव्या मिनिटाला गोल कुणी मारला? बिपिन सिंगने. मणिपूरचा हा मुलगा २०१८ पासून मुंबईकडे होता, म्हणजे त्याचा तो तिसरा मोसम! एकाच मोसमात शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला क्लब. आणलेल्यांना लवकर सामावून घेतलं आणि आधीपासून असलेल्याला टाकून दिलं नाही, मला त्या मोसमातून एवढंच कळतं.

आता आपल्या हॉस्टेलकडे वळू. इंग्लंडमध्ये एक प्रथा आहे. नवा खेळाडू आला की पहिल्या मुक्कामी जेवणाच्या वेळी त्याने खुर्चीवर उभं राहून सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. गाणं भिकार असेल तर ब्रेडचे तुकडेही अंगावर येतात. पण कोट्यवधींचा स्टार असो की अकॅडमीतला पोरगा, गाणं दोघांनाही सुटत नाही, नवा डॉक्टर आला तर त्यालाही नाही. गाणं एकदाच. मग टाळ्या पडतात आणि तो आपल्यातला होतो. आपल्याकडे 'इंट्रो' नावाखाली जे चालतं ते मात्र फक्त ज्युनिअरचं, आणि ते एकदा होऊन संपत नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्राला रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, २००९ मध्ये यूजीसीला नियम करावे लागले, ते काही उगाच नव्हे. ज्या गाण्यानंतर नवा मुलगा आपल्या टेबलावर जेवायला बसत नाही, ते गाणं म्हणायला लावण्यात अर्थ नाही.

फर्स्ट इयरवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं असतं. एआयसीटीईच्या सूचनेप्रमाणे इंडक्शन प्रोग्राम होतो, आणि सगळेच एकदम नवे, त्यामुळे सगळेच सारखे गोंधळलेले. तो झाला प्री-सीझन. पण डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणाऱ्यांचं काय? डीएसईवाल्यांचं? ती आहे जानेवारीची ट्रान्स्फर विंडो. टीम आधीच ठरलेली. लेक्चर्स सुरू झालेली, प्रॅक्टिकलच्या बॅच पडलेल्या, मेसमधली टेबलंसुद्धा वाटून झालेली.

गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर असाच एक जण आला. मोखाड्याकडचा, डिप्लोमाला उत्तम मार्क. दोन खाटांच्या रूममध्ये त्याची तिसरी खाट पडली, पण कपाटं दोनच. त्याची बॅग खाटेखाली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्याचा नंबर जायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत पहिल्या असाइनमेंटची तारीख उलटून गेली होती. एम-थ्रीच्या तासाला लाप्लास ट्रान्सफॉर्म, तोही इंग्रजीतून. आणि डिप्लोमावाल्यांनी आमचं एम-वन, एम-टू कुठे केलेलं असतं? तो मागच्या बाकावर बसून सगळं उतरवून घ्यायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. दिवाळीच्या आधी एकदा म्हणाला, "एमआयडीसीत डिप्लोमावर ट्रेनी घेतायत. जावं म्हणतो." त्याच्या आदल्या वर्षीचा एक जण असाच दिवाळीला घरी गेला तो आलाच नाही. त्याची गुंडाळलेली गादी जूनपर्यंत पॅसेजमध्ये पडून होती.

हा थांबला, त्याचं श्रेय आमच्या हॉस्टेल टीमच्या कॅप्टनला. हा मुलगा रोज संध्याकाळी ग्राउंडच्या कडेला उभा राहून बघायचा. एक दिवस कॅप्टनने विचारलं, "कुठे खेळतोस?"

"कुठेही."

"कुठेही म्हणजे कुठेच नाही. राइट बॅकला उभा राहा. बॉल आला की दुसरं काही करायचं नाही, याला द्यायचा."

'याला' म्हणजे मला. एवढंच काम. पण नेमकं सांगितलेलं! आठवड्याभरात तो पास देऊन पुढे पळायला लागला, आणि नुसता पळत नव्हता, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पळत होता. खेळून झाल्यावर घामेजलेलं टोळकं एकत्रच मेसला जातं, तसा तोही आला. टेबल मिळालं. टेबलावर बोलणं सुरू झालं. मग रात्री एम-थ्री. माझ्या शाळेत मराठी बोललं की डायरीत रिमार्क यायचा, आणि इथे मी लाप्लासचं मराठी करत बसलो होतो! त्याच्या बदल्यात मला काय मिळालं विचाराल तर लेथ. मशीन शॉपमध्ये टेपर टर्निंगला माझा जॉब दोनदा रिजेक्ट झाला होता. याचा हात तीन वर्षं मशीनवर बसलेला. टूल कसं धरायचं, कट किती द्यायचा, हे त्याने पाच मिनिटांत दाखवलं. पुढच्या प्रॅक्टिकलला अर्धी बॅच त्याच्या लेथभोवती उभी होती. मशीन ड्रॉइंगचे सेक्शनल व्ह्यूसुद्धा तो डोळ्यांसमोर बघून काढल्यासारखे काढतो. नवा खेळाडू आणतात तो आपल्यात नसलेलं काहीतरी त्याच्याकडे असतं म्हणून, हे आपण विसरूनच जातो.

नोव्हेंबरमध्ये रेक्टर सरांनी कुठूनतरी एक जुनं लोखंडी कपाट मिळवून दिलं. किल्ली हरवलेलं, पण कपाट! एम-थ्री त्याची राहिली, हे खरंय. पण तोही राहिला.

लहानपणी खेळताना मध्येच कुणी नवीन आलं की आपण ओरडायचो, 'नवा गडी, नवं राज्य!' म्हणजे चालू डाव मोडायचा, सगळ्यांनी पुन्हा चकायचं आणि खेळ पहिल्यापासून सुरू. जो जिंकत असायचा तो कुरकुरायचा, पण नियम म्हणजे नियम. युरोपातले क्लब ज्यासाठी वेगळं खातं ठेवतात तो नियम आपल्या गल्लीतल्या पोरांना फुकटात माहीत होता. सेकंड इयरला डाव मोडता येणार नाही, युनिव्हर्सिटी ऐकणार नाही. पण काही गोष्टींना बजेटही लागत नाही आणि परवानगीही. आल्या दिवशी कपाट. त्याच दिवशी ग्रुपमध्ये नंबर. प्रॅक्टिकलला जोडीदार जुन्यांपैकी एक, सगळे डीएसईवाले एका बॅचमध्ये कोंबायचे नाहीत. मेसमध्ये 'इथे बस' म्हणणारा एक आवाज. आणि पहिल्या महिन्यात त्याने काय करायचं, हे सांगणारा एक सिनिअर.

यंदाची डीएसईची यादी लागली की कळेलच, तिसरी खाट कुणाच्या रूममध्ये येतेय ते. आमच्या रूममध्ये जागा आहे, रेक्टर सरांनी नोंद घ्यावी. लेफ्ट बॅक असेल तर फारच उत्तम!